मदत हवी: जिबरेलिन न देताही भाताच्या अर्ध्या दाण्यांत अमायलेज येतंय

इंद्रायणी_एमएस्सी: सोमवारी गाइडना दाखवायचंय, म्हणून थेट विचारते. स्टार्च-आगरच्या प्लेटवर भाताचे अर्धे दाणे ठेवले. एका प्लेटमध्ये जिए-३ (म्हणजे जिबरेलिन, दाण्याला अमायलेज बनवायला लावणारं संप्रेरक), दुसरीत जिए-३ आणि त्याला रोखणारं अ‍ॅब्सिसिक आम्ल, तिसरी कंट्रोल, म्हणजे संप्रेरक न दिलेली. आयोडीनने स्टार्च निळा होतो, अमायलेज एन्झाइमने तो पचवला तिथे पारदर्शक राहतं. पण आयोडीन ओतलं की कंट्रोलच्या दाण्यांभोवतीही पारदर्शक वर्तुळ दिसतं, जवळजवळ जिए-३ एवढंच. तिसऱ्यांदा हेच झालंय! जिए-३ची बाटली खराब असेल का?

जेलवाला: वर्तुळावरून एन्झाइम काम करतंय एवढंच कळतं, प्रथिन किती बनलं ते नाही. सरळ वेस्टर्न ब्लॉट करा, म्हणजे प्रथिनं जेलवर वेगळी करून हवं ते प्रतिपिंडाने ओळखा. आम्ही भाताच्या पानांवर केलं तेव्हा पानांत भरपूर असणाऱ्या रुबिस्को प्रथिनाने अख्खं जेल व्यापलं होतं, शेवटी फिनॉलने प्रथिनं काढावी लागली.

इंद्रायणी_एमएस्सी: पानं कुठून आली? दाणे आहेत माझे.

मेघना_ताई: अगं, आधी सांग: वाण कोणतं, तूस काढलंस का, जिए-३ किती आणि कशात विरघळवलंस, किती तासांनी आयोडीन, दाणे निर्जंतुक कसे केलेस? यातलं एकही लिहिलेलं नाहीस.

द्राक्षबाग_निफाड: आम्ही द्राक्षाला जिए मारतो. पाण्याचा सामू जास्त असला की ते टिकत नाही. तुमच्या पाण्याचा सामू तपासा.

मेघना_ताई: दादा, जिए चालत नाही ही तिची तक्रारच नाही. न देता काम होतंय, ही आहे.

इंद्रायणी_एमएस्सी: वाण इंद्रायणी, तूस काढून. अर्धे म्हणजे बिनभ्रूणाचेच, ते काय वेगळं सांगायचं! जिबरेलिन भ्रूणाकडून येतं, म्हणून तर कंट्रोलला वर्तुळ यायलाच नको. जिए-३ १ मायक्रोमोलर, इथेनॉलमध्ये विरघळवून. कंट्रोलला नुसतं पाणी. ७२ तास. ७० टक्के इथेनॉलमध्ये १ मिनिट बुडवून घेतले.

वाणप्रेमी: वाणच चुकलंय. इंद्रायणी आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून आलेली. आयआर-८ मधलं बुटकेपणाचं एसडी-१ जनुक जिबरेलिन नीट बनू देत नाही.

मेघना_ताई: बनत कमी असेल, पण बाहेरून दिलं की ती झाडं उंच होतात. म्हणजे जिबरेलिन ओळखण्याची यंत्रणा शाबूत आहे. आणि बनत कमी असेल तर कंट्रोलमध्ये वर्तुळ कमी दिसायला हवं, जास्त नव्हे. वाणाला दोष देऊ नका.

मुरबाडचा_शेतकरी: माझ्या रोपवाटिकेत काही रोपं एकदम उंच, फिकट वाढलीत. हाच प्रकार का?

मेघना_ताई: काका, ती बहुधा बकाने रोगाची. त्यातली बुरशी जिबरेलिन सोडते. १९२६ साली कुरोसावांनी तैवानमध्ये दाखवलं की बुरशी वाढवलेला द्रव गाळून नुसता दिला तरी रोपं तशीच लांबतात. उपटून नष्ट करा आणि पुढच्या वेळी बीजप्रक्रिया करूनच पेरा.

जेलवाला: मूळ प्रश्नाकडे या. अर्धे दाणे उकळून ठेवा. तरी वर्तुळ आलं तर जंतूंचं.

मेघना_ताई: उकळल्यावर जंतूही मरतात, मग वर्तुळ नाही आलं तरी काय कळणार? तूस काढलेल्या दाण्यावर बॅक्टेरिया असतात आणि ते स्वतः अमायलेज सोडतात. १ मिनिट इथेनॉल अजिबात पुरत नाही. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये नीट हलवत ठेव, निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धू आणि आगरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घाल. त्याने बॅक्टेरियांचं प्रथिन बनणं थांबेल, दाण्याचं अमायलेज बनतच राहील. कंट्रोलला जिए-३च्या प्लेटएवढंच इथेनॉल दे. आणि कापलेलं टोक भिंगाखाली बघ. भ्रूणाला चिकटलेलं स्क्युटेलम मागे राहिलं तर तेही अमायलेज बनवतं.

जेलवाला: तरीही ब्लॉट लागेलच.

इंद्रायणी_एमएस्सी: दोन दिवस लिहिता आलं नाही. क्लोरॅम्फेनिकॉल घालून ४८ तासांनी बघितलं: कंट्रोलच्या १० पैकी ८ दाण्यांभोवती काही नाही, जिए-३चे सगळे ठळक! उरलेल्या दोघांच्या कापलेल्या टोकाशी पिवळट कड आहे, स्क्युटेलमच राहिलं असावं. ताई, म्हणजे तुम्ही सांगितलेलं दोन्ही खरं होतं. आता दोन मिलिमीटर आत कापून परत लावतेय, अ‍ॅब्सिसिकची प्लेटही. गाइडना गुरुवारची वेळ मागितली आहे.

द्राक्षबाग_निफाड: पण पाण्याचा सामू किती होता?