पाऊस लागल्यापासून गाडीचा अलार्म मध्यरात्री आपोआप वाजतोय, काय करावं?

तिलकवाडीकर
मंडळी, सल्ला हवाय. घर दुसऱ्या रेल्वे गेटजवळ, गाडी गल्लीतच लावतो. अलार्म बाहेरून बसवलेला. आधी मालगाडी गेली की कधीतरी वाजायचा. आता नुसत्या पावसातही रात्री दोन-अडीचला सुरू होतो. शेजारच्या आजी नुकत्याच दवाखान्यातून घरी आल्यात, त्यांची झोपमोड होते याचं फार वाईट वाटतं. दुकानदार म्हणतो, काढूनच टाका. तसं करायचं नाहीये.

शहापूरचा
काढू नका हो. स्टिअरिंगखाली शॉक सेन्सरची, म्हणजे धक्का ओळखणारी, छोटी डबी असते, तिचा स्क्रू पाव फेरा कमी करून बघा. डबी नुसती टेपनं चिकटवलेली असेल तर पक्क्या पट्टीला आवळून घ्या. सैल डबी जरा धक्का बसला की थरथरते.

खानापूरकर
रेल्वे नसताना वाजतोय, मग आधी सेन्सरला हात लावू नका. उगाच इतका कमी कराल की खरी काच फुटली तरी वाजणार नाही. बॉनेटचा पिन स्विच बघा. बॉनेट उघडलं की पिन वर येते, वायर बॉडीला अर्थ होते, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडली जाते, आणि अलार्म वाजतो. आमच्याकडच्या पावसात तिथं पाणी साचून गंज चढतो, मग बॉनेट बंद असतानाही अर्थ मिळतो. माझ्या गाडीला हेच झालं होतं, दोन महिने मी सेन्सरच पिळत बसलो होतो.

पिन पुरती दाबली जाते का तेही बघा. तिच्यावर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट लावा, उघडा आणि खूण बघा. निदान 6 मिलिमीटर तरी दबायला हवी. आणि सकाळी गाडी चालू करण्याआधी बॅटरी मोजा. 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 च्या खाली असेल तर आधी तिचं बघा, बॅटरी उतरली तरी काही अलार्म वाजतात.

तिलकवाडीकर
खानापूरकर, मनापासून आभार! बॅटरी 12.5 भरली. कणकेवर मात्र जेमतेम खूण उठली. स्विच काढला तर रबरी टोपी फाटलेली, आत हिरवा थर. नवा स्विच बसवला, खाली वॉशर घालून जरा उचलून घेतला. तीन रात्री धो धो पाऊस झाला, अलार्म गप्प. काल मालगाडीला मात्र एकदा वाजला, म्हणून आज शहापूरच्या सल्ल्यानं स्क्रू पाव फेरा कमी केलाय आणि काचेवर तळहातानं जोरात थाप मारून पाहिली. वाजतो. आजींच्या घरी सांगून आलोय, आज रात्री वाजला तर लगेच फोन करा म्हणून.