कुणाकडे डोकेदुखीची गोळी आहे का?

बुधवार, रात्री ९.४०

बी-२०४: नमस्कार. कुणाकडे डोकेदुखीची गोळी आहे का? घरातली संपली आणि खालचं मेडिकल बंद झालंय. सकाळपासून उजवी बाजू ठणकतेय.

ए-३०१: आहे माझ्याकडे, मुलाला पाठवते. पण अगं, परवाही नेली होतीस ना?

बी-२०४: हो काकू. सायनसचा त्रास आहे, दोन वर्षं झाली. हवा बदलली की सुरू. गेल्या वर्षी नाकाचं ऑपरेशनसुद्धा सुचवलं होतं, मी टाळलं.

बी-१०३: वाफ घ्या. निलगिरीचे दोन थेंब टाकून.

सी-४०४: मी डॉक्टर म्हणून दोन-तीन प्रश्न विचारू का? इथे नको असेल तर मला वेगळा मेसेज कर.

बी-२०४: इथेच विचारा डॉक्टरताई. लपवण्यासारखं काही नाही.

सी-४०४: दुखतं तेव्हा नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येतो? ताप असतो? वास येणं कमी होतं?

बी-२०४: नाही. नाक चोंदतं आणि उजव्या डोळ्यातून थोडं पाणी येतं, एवढंच.

सी-४०४: जिना चढलीस तर ठणका वाढतो? मळमळतं? दिवा नकोसा होतो?

बी-२०४: तिन्ही. आत्ताही अंधारात बसून लिहितेय. संध्याकाळी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तर रडूच आलं.

सी-४०४: आईला असं व्हायचं का?

बी-२०४: आईला पित्त व्हायचं. डोक्याला फडकं घट्ट बांधून दार लावून पडायची. उलटी झाली की मोकळी व्हायची.

सी-४०४: तेच तर. मायलेकींचं दुखणं एकच, आईच्या वेळी त्याला पित्त म्हटलं आणि तुझ्या वेळी सायनस. हे मायग्रेन असावं, आपली जुनी अर्धशिशी. उद्या येऊन तपासून घे, मग नक्की सांगते.

सी-४०४: थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं या दोन नावांखाली औषधं घेत असतात. कपाळ, डोळा आणि गाल यांच्या संवेदना एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. मायग्रेनमध्ये हाच तंतू चेतवला जातो. त्यामुळे दुखतं गालाच्या हाडाशी, आणि सोबत नाक चोंदतं, डोळा पाणावतो. माणसाला वाटणारच की सायनस भरलाय. अमेरिकेत २००४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'मला सायनसची डोकेदुखी आहे' असं म्हणणारी २,९९१ माणसं त्यात होती. त्यांतल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या लक्षणांत बसलं. खरा सायनस सुजला की घट्ट स्राव, ताप, वास न येणं अशी लक्षणं सोबत असतात. आणि पित्ताचं म्हणाल तर मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, म्हणून मळमळ आणि उलटी. डोकं आणि पोट दोन्ही मायग्रेनमुळे बिघडतात. पित्त डोक्यात चढलेलं नसतं.

ए-३०१: मी चाळीस वर्षं पित्तच म्हणत आले गं. चतुर्थीला तर हमखास दुखायचं.

सी-४०४: उपाशी राहणं, जागरण, पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस, उन्हाची तिरीप, उग्र अत्तर, अगरबत्तीचा धूर ही सगळी निमित्तं आहेत काकू. मायग्रेन पुरुषांपेक्षा बायकांना साधारण तिप्पट प्रमाणात होतो.

ए-३०१: आणि डोक्यावरून न्हायलं की? आमच्या सासूबाई म्हणायच्या, ओले केस बांधू नको, डोकं धरेल.

सी-४०४: सासूबाई बरोबर होत्या. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. केस धुतल्यावर मायग्रेन उठतो अशा ९४ भारतीय रुग्णांच्या नोंदी त्यात आहेत. आपल्या बायकांचे लांब, तासन् तास ओले राहणारे केस हे खरंच एक कारण आहे. सकाळी उपाशीपोटी न्हाऊ नये आणि केस लगेच वाळवावेत.

बी-४०२: मी संस्कृत शिकवत असे, म्हणून एक भर घालतो. सुश्रुतसंहितेत ११ शिरोरोग सांगितले आहेत. अर्ध्या डोक्याचा 'अर्धावभेदक', आणि सूर्याबरोबर चढून सूर्याबरोबर उतरणारा 'सूर्यावर्त'. डोकेदुखी एक नसते, हे तेव्हाच ओळखलेलं होतं.

सी-४०४: सर, किती छान. आजही आम्ही तेच करतो. कुठे दुखतं, केव्हा सुरू होतं, किती वेळ टिकतं आणि सोबत काय होतं, एवढं विचारलं की बहुतेक वेळा निदान तिथेच होतं. मायग्रेनसाठी स्कॅन क्वचितच लागतो.

बी-२०४: ताई, गोळी आली. घेऊ का?

सी-४०४: महिन्यातून किती दिवस घेतेस? खरं सांग.

बी-२०४: पंधरा-सोळा. कधी दिवसात दोन.

सी-४०४: आज एक घे, पोटात काहीतरी घालून. पण मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. कॅफीन घातलेल्या मिश्र गोळ्यांना तर १० दिवस पुरतात. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. त्या गोळ्यांच्या पाकिटामागे घटक वाच, कॅफीन दिसेल.

बी-२०४: हो, आहे. म्हणजे चूक माझीच.

सी-४०४: अजिबात नाही. दुखतंय म्हणून तू गोळी घेतलीस, आणि हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. यातून बाहेर येता येतं. रोजची गोळी थांबवायची आणि झटके कमी करणारं दुसरं औषध काही महिने घ्यायचं. त्यांतली काही दमा असलेल्यांना चालत नाहीत, काही गरोदरपणात, म्हणून ती मेडिकलमधून परस्पर घेऊ नकोस.

ए-२०३: माझं वेगळंच आहे. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंनी. उलटी नाही, काम चालू राहतं. दिवसभर लॅपटॉप.

सी-४०४: ताणाची डोकेदुखी. सगळ्यांत जास्त आढळणारी आणि सगळ्यांत कमी त्रासाची. मान-खांद्यांचे व्यायाम, झोप, आणि स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर.

बी-३०५: ताई, मला दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांसमोर चमकणारी नागमोडी रेघ सरकत जाते. नंतर नाहीशी होते.

सी-४०४: याला ऑरा म्हणतात, मायग्रेनचाच भाग. तू हॉर्मोनच्या गोळ्या घेत असशील तर मला लगेच वेगळा मेसेज कर. ऑरा असताना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळतात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो.

डी-५०१: रात्री बरोब्बर दोनला जाग येते. डाव्या डोळ्यामागे तापलेली सळई खुपसल्यासारखं. त्याच डोळ्याला पाणी, तीच नाकपुडी गळते. पडून राहवत नाही, घरभर येरझाऱ्या घालतो. तासाभराने थांबतं. महिनाभर रोज, मग वर्षभर काही नाही. दाताचं असेल म्हणून दाढ काढून झाली.

सी-४०४: दादा, दाढ काढायची गरज नव्हती हो. हे क्लस्टर डोकेदुखीचं अगदी ठळक वर्णन आहे. माणसाला होणाऱ्या सर्वांत तीव्र वेदनांमध्ये ती धरतात. मायग्रेनचा माणूस निपचित पडतो, क्लस्टरचा येरझाऱ्या घालतो. मास्क लावून मिनिटाला १२ ते १५ लिटर ऑक्सिजन दिला, तर पंधरा मिनिटांत बऱ्याच जणांना उतार पडतो. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि हे दिवस चालू असेपर्यंत दारूचा थेंबही नको, झटका हमखास येतो.

डी-५०१: सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी या दुखण्याचं नाव सांगितलं. धन्यवाद ताई.

रात्री १०.३५

ए-१०१: मी पण विचारते. आमच्या ह्यांचं आठ दिवस झाले डोकं दुखतंय. आधी कधी डोकं दुखल्याचं मला आठवत नाही. सुंठेचा लेप लावला, थोडं बरं वाटतं. वय ७६.

सी-४०४: आजी, अण्णा मध्यंतरी कुठे पडले होते का?

ए-१०१: दत्तजयंतीला बाथरूममध्ये पाय घसरला होता. डोकं नळाला लागलं, पण रक्त नाही, टेंगूळ नाही. तीन-चार आठवडे झाले त्याला.

सी-४०४: रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे ना त्यांची?

ए-१०१: हो, स्टेंट टाकल्यापासून. परवापासून झोपाळल्यासारखे असतात. आज देवळातून येताना सारखे डावीकडे कलत होते.

सी-४०४: आजी, फोन करतेय, उचला. अण्णांना आत्ता हॉस्पिटलात न्यायचं आहे, सकाळची वाट बघायची नाही. गाडी कुणाची खाली आहे?

ए-२०३: माझी. दोन मिनिटांत गेटवर आणतो.

डी-५०१: मी येतो सोबत, अण्णांना धरायला माणूस लागेल.

बी-१०३: आजी, गोळ्यांची पिशवी आणि जुनी फाइल घ्या. घराला कुलूप मी लावते, किल्ली माझ्याकडे ठेवते.

रात्री १.१०

ए-२०३: सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या वरच्या आवरणाखाली रक्त साकळलंय, उजवीकडे. सकाळी ऑपरेशन. मुलगा बंगळुरूहून निघालाय. अण्णा बोलतायत. आजी माझ्याजवळच बसल्या आहेत.

सी-४०४: वेळेत पोचलात. कवटीला लहान भोकं पाडून साकळलेलं रक्त काढतात, यातून बरीच माणसं चांगली सावरतात.

गुरुवार, सकाळी ८.१५

सी-१०२: सचिव म्हणून एक विनंती करतो. डॉक्टरताई, डोकं दुखल्यावर केव्हा थांबायचं नाही, एवढं एकदा लिहून द्याल का? नोटीस बोर्डावर लावतो. काल आजींनी विचारलं नसतं तर?

सी-४०४: लिहिते. आधी अण्णांचं सांगते. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. साध्या धक्क्यानेही एखादी तुटते आणि रक्त थेंबाथेंबाने साठत राहतं. म्हणून दुखणं पडल्यावर काही आठवड्यांनी उगवतं, आणि तोवर घरचे पडणं विसरलेले असतात. म्हातारं माणूस पडलं तर कॅलेंडरवर लिहून ठेवा, मी कळकळीने सांगते.

सी-४०४: एका मिनिटाच्या आत कळस गाठणारी, 'आयुष्यात असं दुखलं नाही' अशी डोकेदुखी उठली तर थेट इमर्जन्सी, मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तापासोबत मान आखडली, किंवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, फीट आली, तरी तसंच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी सुरू झाली तर दाखवायलाच हवं, आणि कानशील दुखून घास चावताना जबडाही दुखत असेल तर त्याच दिवशी, कारण त्यात नजर जाऊ शकते. लाल डोळा, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या असतील तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो, तेव्हाही तातडीने नेत्रतज्ज्ञ. बाळंतपणाच्या आसपासची तीव्र डोकेदुखी कधीच अंगावर काढू नये. बीपीमुळे सहसा डोकं दुखत नाही, ते १८०/१२० च्या पुढे गेल्यावरची गोष्ट वेगळी. त्यामुळे डोकं दुखत नाही म्हणून बीपीची गोळी बंद करणंही चूक.

डी-३०२: ताई, आमच्याकडे थंडी सुरू झाल्यापासून अंघोळीनंतर तिघांचंही डोकं जड होतं. मुलीला काल चक्करही आली. गरम पाण्याने होतं का?

सी-४०४: गीझर कुठला आहे? बाथरूमच्या आत?

डी-३०२: गॅस गीझर, आतच. थंडी म्हणून खिडकीला पुठ्ठा लावलाय.

सी-४०४: गीझर आत्ता बंद करा, पुठ्ठा काढा, मुलीला घेऊन माझ्याकडे या. बंद जागेत गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी, एकाच जागी डोकं दुखायला लागलं तर आधी हा संशय घ्यायचा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो.

डी-३०२: बंद केला. निघालो.

सी-१०२: मी आज संध्याकाळी प्रत्येक घरी येतोय. ज्यांचा गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल त्यांनी तो कोरड्या बाल्कनीत हलवून घ्यावा. प्लंबरशी बोललोय.

पुढच्या बुधवारी, सायंकाळी ७.०५

ए-१०१: अण्णांना उद्या घरी सोडणार. मऊ भात खाल्ला आज.

ए-३०१: देवाची कृपा. उद्या दुपारचा डबा माझ्याकडून.

बी-२०४: आजी, फार बरं वाटलं. ताई, गोळी बंद केल्याचा आज सहावा दिवस. काल आणि परवा इतकं दुखलं की कामावर गेले नाही. वहीत रोज लिहितेय: किती वाजता, काय खाल्लं, झोप किती, पाळीचा दिवस कितवा.

सी-४०४: आधी वाढतं, मग उतरतं. साधारण दोन आठवडे धर. चहा एकदम सोडू नकोस हं, त्यानेही डोकं धरतं. हळूहळू कमी कर.

बी-२०४: तीनवरून दोनवर आलेय. सचिवकाका, बी विंगच्या जिन्याचं रंगकाम कुठल्या दिवशी आहे? रंगाच्या वासाने माझं नक्की उठेल, त्या दिवशी आईकडे राहायला जाईन. तिलाही वही नेऊन देते.

सी-१०२: शनिवारी. पण आता बिनवासाचा रंग मिळतो का, ते आजच विचारतो.