बाराखडीच्या पीडीएफ विकायच्या असतील तर

परदेशातल्या मराठी मुलांसाठी बाराखडी गिरवायच्या पीडीएफ एट्सी या ऑनलाइन विक्रीच्या साइटवर विकाव्यात का, असं विचारलंय. जरूर विका! फक्त ए४ सोबत अमेरिकन लेटर मापाची, म्हणजे ८.५ × ११ इंचांची फाइलही द्या. ए४ उंचीला जास्त असतो, त्यामुळे तिकडच्या प्रिंटरवर खालची ओळ कापली जाऊ शकते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच हवेत. बऱ्याच फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं आणि मुलं नेमकं तेच गिरवतात. फॉन्टचा परवानाही बघा. मुक्ता, बालू विक्रीच्या कामाला चालतात.

एट्सीवर एका लिस्टिंगला, म्हणजे विकायला टाकलेल्या एका वस्तूच्या नोंदीला, चार महिन्यांसाठी ०.२० डॉलर पडतात, विक्रीवर ६.५ टक्के वेगळे. म्हणून सुरुवातीला मोजक्याच, पण नीट तपासलेल्या फाइल टाका.