मदत हवी आहे: जंगल आणि फुलांची कुरणं, एका दिवसाची सोपी वाट. दहाला निघालो तर जमेल का?

ओवी_म
येत्या शनिवारी जायचं आहे, त्यामुळे जरा पटापट उत्तरं द्या. ११ किलोमीटरची वाट आहे. आधी जंगल, मग वर फुलांची कुरणं. जिथे वाचलं तिथे 'सोपी' असंच लिहिलंय. सकाळी दहाला चालायला लागलो तर उजेड असताना आरामात परत येऊ ना? आणि आत्ता, जूनच्या शेवटी, फुलं असतील का? दोन आठवड्यांपूर्वीच्या फोटोंमध्ये खालचं कुरण गच्च फुललेलं दिसतंय. आम्ही फुलांसाठीच जातोय, नुसतं गवत बघून परत यायचं नाहीये. पाणी न्या, टोपी न्या हे सांगू नका, ते माहीत आहे.

डोंगरवेडा
११ किमी म्हणजे काहीच नाही. तीन तासांत उरकेल. दहा काय, बाराला निघालात तरी चालेल. माझं ऐकाल तर वर मुक्कामच करा. दोन माणसांचा हलका तंबू दीड-दोन किलोत येतो, पहाटेचं कुरण बघायला मिळतं. तंबू कुठला घ्यायचा ते विचारा, सविस्तर सांगतो.

नकाशेवाला
ओवी, ११ किमी जाऊन-येऊन की एकेरी? चढ किती? बरोबर कोण कोण आहे? 'सोपी' हा शब्द ज्याने लिहिला त्याच्या पायांपुरता खरा असतो. स्वित्झर्लंडमध्ये वाटांना T1 ते T6 अशा श्रेणी आहेत. पिवळी खूण म्हणजे साधी वाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अवघड. पण तिथेही श्रेणी वाट किती बिकट आहे तेवढंच सांगते. दम किती लागेल ते सांगत नाही.

ओवी_म
मुक्काम नाही, तंबू नाही. ११ म्हणजे जाऊन-येऊन. चढाचा आकडा कुठेच दिलेला नाही.

नकाशेवाला
दिलेला नसला तरी काढता येतो. उंचीच्या रेषा असलेला नकाशा उघडा. जिथून निघणार तिथली उंची बघा आणि वरच्या कुरणाची बघा. दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक धरलाय ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतील तिथे उभा चढ.

ओवी_म
सुरुवात १४५० मीटर, वरचं कुरण २०५०. मध्ये १६५० च्या आसपास आणखी एक कुरण आहे, फोटो त्याचेच आहेत. तिथपर्यंत दोन किमी.

नकाशेवाला
म्हणजे ६०० मीटर चढ. आता हिशोब होतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम मांडला, तो अजून वापरात आहे: दर ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या वाटेला ११ किमीचे सव्वादोन तास, चढाचा एक, असे सव्वातीन. पण हे तंदुरुस्त माणसाचे न थांबता चालण्याचे तास आहेत. त्यात फोटो नाहीत, बसणं नाही, कुणाचा बूट सुटणं नाही. बरोबर कोण आहे ते अजून सांगितलेलं नाहीत.

डोंगरवेडा
मी तीन तास म्हटलं, हे सव्वातीन म्हणतायत. तेच झालं की.

ओवी_म
मी, नवरा, मुलगी (सात वर्षांची) आणि बाबा. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत पण रोज तासभर चालतात, त्यांची काळजी नाही.

सावकाश
रोज चालतात ते सपाटीवर का? गुडघे कसे आहेत? जिना उतरताना काही जाणवतं का?

ओवी_म
सपाटीवर. चढताना काहीच त्रास नाही. उतरताना डावा गुडघा दुखतो, कठडा धरून उतरतात. पण त्यांना यायचंच आहे. त्यांना घरी ठेवा असं कृपया कोणी लिहू नका.

सावकाश
घरी का ठेवायचं? न्यायचंच, पण दिवस त्यांच्या गुडघ्याप्रमाणे आखायचा. माझी आई अशाच गुडघ्याने डोंगरात येते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

चढताना दम लागतो, तो थांबलं की जातो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराला आवर घालत असतात आणि गुडघ्यावर भार येतो. तो थांबल्याने जात नाही, साठत जातो. दोन किमी ठीक वाटलं म्हणून साडेपाच ठीक जाईल असं धरू नका. ६०० मीटर सलग उतरायचंय, आणि तेही पाय थकल्यावर.

दोन काठ्या घ्या. एक नको, दोनच. उतरताना काठीची लांबी थोडी वाढवायची, काठी आधी पुढे टेकवायची आणि मग पाऊल. पावलं आखूड. उतार तीव्र असेल तर सरळ खाली न जाता नागमोडी. जंगलात मुळं ओली असतात, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून पुढे टाकायचा.

आणि वेळ. सात वर्षांची मुलगी आणि बाबा बरोबर असताना नकाशेवाल्यांचा सव्वातीनाचा आकडा मी सरळ दुप्पट धरेन. दहाला निघालात तर वरच्या कुरणात पोहोचायलाच सव्वादोन वाजतील. थोडं बसलात की तीन. उतरायला अडीच तास, गुडघा कुरकुरला तर तीन. उजेड असेलही, पण उन्हाळ्यात डोंगरावर गडगडाट होतो तो दुपारनंतर. नेमके तेव्हा तुम्ही उघड्या कुरणात असाल.

पांथस्थ
काठ्यांबद्दल असहमत. काठीच्या टोकाने कुरणातली माती उकरली जाते, वाटेच्या दोन्ही कडांना भोकंच भोकं पडतात. त्यापेक्षा घोट्याच्या वर येणारे चांगले बूट घ्या.

सावकाश
टोकाला रबराची टोपी लावा, माती उकरली जात नाही. घोट्याच्या वरचे बूट घोट्यासाठी. इथे प्रश्न गुडघ्याचा आहे. आणि शनिवारी नवे बूट घालून निघालात तर दोन किमीच्या आत टाचेला फोड येईल. जे रोज घालतात तेच घाला, तळ झिजलेला नसला म्हणजे झालं.

रानजाई
फुलांबद्दल कोणीच बोलत नाहीये!

ओवी, तुमच्याकडे उत्तर आहेच. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक ढोबळ नियम दिला: वसंत दर ४०० फूट उंचीला साधारण चार दिवसांनी मागे पडतो. तुमच्या दोन कुरणांत ४०० मीटरचा फरक, म्हणजे सुमारे १३०० फूट, म्हणजे तेरा दिवस. खालचं कुरण दोन आठवड्यांपूर्वी ऐन भरात होतं तर वरचं आत्ता असायला हवं. खालच्यात बहर उतरणीला लागलेला असेल.

तृणपाती
रानजाई, हा नियम मोठ्या प्रदेशाची सरासरी सांगतो. एका डोंगराच्या दोन कुरणांना तो असा मोजून लावता येत नाही. उंच कुरणात बर्फ कधी वितळला त्यावर सगळं असतं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फ उशिरापर्यंत राहतो, तिथला बहर दक्षिणेकडच्या उतारापेक्षा बराच मागे असू शकतो, उंची तीच असली तरी.

ओवी, वरच्या कुरणाचं तोंड कुठल्या दिशेला आहे? आणि ते फोटो दोन आठवड्यांपूर्वी काढलेले आहेत की तेव्हा टाकलेले?

ओवी_म
टाकल्याची तारीख बघितली होती. आत्ता विचारलं त्यांना. आदल्याच दिवशी काढलेत म्हणाले. वरच्या कुरणाचं तोंड नैर्ऋत्येला आहे.

तृणपाती
मग नैर्ऋत्येचं ऊन आहे, बर्फ लवकर गेला असणार. रानजाईंचा अंदाज इथे बसतो. तरी त्याच माणसाला विचारा, त्या दिवशी वरचं कुरण कसं होतं. कळ्या होत्या म्हणाले तर निर्धास्त जा.

डोंगरवेडा
एवढं गणित कशाला? जागेचं नाव सांगा, दहा जण जाऊन आलेले असतील, लगेच सांगतील फुलं आहेत की नाहीत.

ओवी_म
नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही.

डोंगरवेडा
मदत मागायची आणि जागा लपवायची हे मला पटत नाही. डोंगर काय एकट्याचा आहे का?

रानजाई
डोंगर सगळ्यांचा आहे म्हणूनच. कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ च्या वसंतात केशरी पॉपी फुलल्या, फोटो पसरले आणि माणसांचा लोंढा आला. लोक वाट सोडून फुलांत बसायला, लोळायला लागले. २०२३ मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा तिथे जायलाच बंदी घातली. कुरणात एकाने वाट सोडली की गवतावर पुसट रेघ उमटते, मागचा तिलाच वाट समजतो. वाटेवर चिखल असला तरी चिखलातूनच जा. कडेने गेलात की वाट रुंद होते आणि तेवढी फुलं जातात.

डोंगरवेडा
वाट सोडू नये हे मान्य. नाव लपवावं हे नाही. मी स्वतः किती तरी चांगल्या जागा लोकांनी नावं लिहिली म्हणूनच पाहिल्या.

नकाशेवाला
तो वाद वेगळ्या धाग्यावर घाला. ओवींचा शनिवार जवळ आलाय. ओवी, नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, नकाशा मात्र हवा. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर जंगलात नेटवर्क शोधत बॅटरी संपवतो. एक कागदी प्रतही घ्या.

पांथस्थ
अवांतर: उंच गवत म्हणजे गोचीड. मुलीला लांब विजार घाला, मोजे विजारीवरून ओढा. परत आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांत बघा. चिकटलेली असेल तर तेलाचा थेंब सोडा, आपोआप सुटते.

सावकाश
तेल अजिबात नको, काडीचा चटकाही नको. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही. मग साबणाने धुवायचं. गोचिडीतून येणारा लाइम रोग बहुतेक वेळा ती २४ तासांपेक्षा जास्त चिकटून राहिली तरच होतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी तपासणं महत्त्वाचं. नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टर.

रानजाई
मुलीला एक गोष्ट आधीच सांगा: तोडायचं नाही, तोंडात घालायचं नाही. डोंगरातल्या कुरणांत बचनागाच्या जाती सापडतात, निळी-जांभळी, टोपीच्या आकाराची फुलं. दिसायला फार सुंदर, आणि मुळापासून पानापर्यंत विषारी.

आणि खाली बसायला शिकवा. उभं राहून पाहिलं की कुरणात आधी गवताचे तुरे दिसतात. वाटेच्या कडेला उकिडवं बसून नजर घोट्याच्या उंचीवर आणली की मग बुटकी फुलं दिसायला लागतात. नखाएवढी पांढरी, पिवळी, एखाद्या दगडाच्या आडोशाला निळं जेन्शियन. मुलांना हे मोठ्यांच्या आधी दिसतं. जेन्शियनच्या कित्येक जाती ढग आला की मिटतात, ऊन परतलं की उघडतात. म्हणून भल्या पहाटे कुरणात पोहोचून उपयोग नाही आणि दुपारी ढग भरून आल्यावरही नाही. दहा ते बारा ही तिथली खरी वेळ.

ओवी_म
हे कामाचं. म्हणजे दहाला निघायचं नाही, साडेदहा-अकराला वर असायचं.

सावकाश
बरोबर. पावणेसातला चालायला लागा. दोन किमीवरचं कुरण आठ-सव्वाआठला येईल. तिथे बाबांना विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या. चढताना त्यांना छानच वाटणार आहे, म्हणून 'दमलात का' असं विचारू नका. थोडं मागे उतरून बघायला सांगा, शंभर पावलं. गुडघा बोलला तर ते आणि एक जण तिथेच बसतील, बाकी दोघं वर जाऊन येतील. तिथूनही दोनशे मीटर उतरायचे आहेतच, पण ते जमण्यासारखे आहेत.

डोंगरवेडा
वर गेल्यावर गडगडाट झाला तर एकट्या झाडाखाली उभे राहू नका. कुरण सोडून खाली एकसारख्या उंचीच्या झाडीत या. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर जायचं नाही. तंबूचं राहू द्या, हे मात्र लक्षात ठेवा.

ओवी_म
डोंगरवेडा, धन्यवाद. फोटोवाल्यांचं उत्तर आलं: वर त्या दिवशी बहुतेक कळ्याच होत्या. तर ठरलं. पावणेसातला सुरुवात, दोन काठ्या, खालच्या कुरणात बाबांचा निर्णय. बाबा थांबले तर नवरा त्यांच्याबरोबर थांबेल, मी आणि लेक वर जाऊ. वरून कुठल्याही परिस्थितीत साडेअकराला परत फिरायचं. आता फक्त ओढ्याचं बघते, दगडावरून ओलांडायचा आहे असं लिहिलंय.

नकाशेवाला
कुठला ओढा? हे आत्ता सांगताय!

ओवी_म
खालच्या कुरणाच्या थोडा वर. वाट एकदाच ओलांडते. वरच्या खोंगळीत बर्फ शिल्लक आहे, पाणी तिथून येतं. त्यांनी सकाळी ओलांडला तेव्हा घोट्याएवढं होतं.

नकाशेवाला
बर्फाचं पाणी सकाळी सगळ्यात कमी असतं. ऊन चढलं की वितळायला लागतं आणि दुपारी उशिरा ओढा फुगतो. जाताना घोट्याएवढा लागलेला येताना पोटरीच्या वर लागू शकतो, आणि तुमच्याबरोबर सात वर्षांची मुलगी आहे. जाताना पाण्यातला एखादा दगड हेरून ठेवा, येताना तो बुडालेला दिसला तर पाण्यात पाय घालण्याआधी थांबा. पलीकडे बाबांजवळ नवरा असेल, तो पाण्यावर नजर ठेवू शकतो. जमेल तेवढं लवकर ओलांडा.

ओवी_म
मग साडेअकरा नाही, अकराला परत फिरते.