जुनी हॉलिवूड म्युझिकल दुसऱ्यांदा बघताना जास्त आवडली, असं कुणाचं झालंय का?

परवा 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) परत पाहिला. कॉलेजात असताना मित्राने ओढून नेलं होतं. "बोलता बोलता हे उठून नाचायला का लागतात?" म्हणत मी निम्मा वेळ कॅन्टीनमध्ये काढला. (हिंदी सिनेमा बघताना हा प्रश्न कधी पडला नव्हता, ते सोडा.)

या वेळी मात्र हसून हसून पुरेवाट. काळ १९२७चा, मूकपट संपत आलेले. नायिका लीना दिसायला देखणी, आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा. माइक झुडपात लपवलेला. बाईंनी मान फिरवली की आवाज गायब. मग माइक तिच्या कपड्यात शिवतात, तर संवादाऐवजी छातीचे ठोके! शेवटी कॅथी नावाची मुलगी तिला गुपचूप आवाज उसना देते. नंतर वाचलं, ते भलतंच. कॅथी झालेली डेबी रेनॉल्ड्स 'वुड यू' गाताना दिसते, तिथे गळा बेटी नॉइजचा आहे. आणि कॅथी लीनाचे संवाद डब करते, तो आवाज लीनाचं काम करणाऱ्या जीन हेगनचा स्वतःचाच! म्हणजे चोरावर मोर. तुमचेही अनुभव लिहा.

~

माझाही तोच सिनेमा, पण मी पायांकडे बघते. पूर्वी 'गुड मॉर्निंग' हे गाणं पुढे ढकलायचे. मधे बारा वर्षं कथक केलं, तळपायाला भेगा काय असतात ते कळलं. तिघं जिन्यावरून काय उतरतात, सोफा उलथवून काय पडतात! कॅमेरा डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा माणूस दाखवतो, त्यामुळे चुकायला जागाच नाही. रेनॉल्ड्स तेव्हा जेमतेम एकोणीस-वीसची, नर्तिका नव्हतीच. चित्रीकरणानंतर तिच्या पायांतून रक्त येत होतं, हे तिनेच सांगितलंय. आता ते गाणं मी हसत बघूच शकत नाही. बघते मात्र दर महिन्याला.

~

'माय फेअर लेडी' (१९६४). आमच्या घरी 'ती फुलराणी'ची कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेली, त्यामुळे भक्ती बर्वेंच्या मंजुळेपुढे ऑड्री हेपबर्न मला फिकी वाटली होती. त्यात ती गातही नाही, गळा मार्नी निक्सनचा. (आपण कोण बोलणार म्हणा, आपल्या नायिकांना लताबाई-आशाबाई होत्याच.) पुढे नोकरीला लंडनला आलो. पहिले सहा महिने दुकानात प्रत्येक वाक्य दोनदा बोलायचो. गेल्या हिवाळ्यात परत लावला. नृत्यसमारंभाहून परत आल्यावर तिला बोलायला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग एकमेकांची पाठ थोपटतात, आणि जिने सगळं केलं ती एलायझा (म्हणजे ऑड्री) बाजूला दिव्याजवळ उभी. कुणी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. आधी हे मला दिसलंच नव्हतं. हिगिन्सचा असा राग आला की विचारू नका, आणि सिनेमा दुपटीने आवडला.

~

मला नाही बुवा जमलं. 'साउंड ऑफ म्युझिक' मुलांना घेऊन परत लावला. पावणेतीन तासांच्या वर आहे हो तो! मध्यंतरानंतर मी झोपलो. आई शेजारी बसून "हा तर आपला 'परिचय'" असं दर दहा मिनिटांनी सांगत होती. मुलं शेवटपर्यंत जागी होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

~

धागाकर्त्याला एक पुरवणी. पावसातलं ते गाणं केलं तेव्हा नायक जीन केलीला १०३ ताप होता म्हणतात. मला आवडतो तो शेवट. पोलीस येऊन रोखून बघतो, हा ओशाळतो, आणि जाता जाता आपली छत्री समोरून भिजत येणाऱ्या माणसाला देऊन टाकतो. तो माणूस छत्री उघडून गडबडीने पुढे. लहानपणी मला फक्त त्या छत्रीची काळजी वाटायची, कारण आमच्या घरात चार माणसांत दोनच होत्या.