इंग्रजीची अनियमित भूतकाळी रूपे गाण्यांतून शिकवावीत का?

प्रश्न : मी दादरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. ‘सिंग–सँग, रिंग–रँग’ अशी रूपे मुले पाढ्यांच्या चालीवर तासाला खणखणीत म्हणतात, परंतु वाक्य लिहिताना तीच मुले ‘आय वेंट’ऐवजी ‘आय गोड’ (goed) असे लिहितात. गाणी निरुपयोगी समजावीत काय?

उत्तर १ : निरुपयोगी नव्हेत, अपुरी आहेत. ‘गोड’ ही चूक मुलांना भूतकाळासाठी ‘-ed’ जोडण्याचा नियम समजल्याची खूण आहे. आपली लहान मुलेही ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणतातच की! चालीत सुटी रूपे बसवण्याऐवजी पूर्ण वाक्ये बसवावीत, म्हणजे ‘यस्टरडे’ उच्चारताच ‘आय वेंट’ आपोआप ओठांवर येईल.

उत्तर २ : यमकाचा एक धोका ध्यानात ठेवावा. ‘सिंग–सँग’च्या ओघात माझ्या शिकवणीतील मुले ‘ब्रिंग–ब्रँग’ म्हणू लागली होती. म्हणून ‘ब्रॉट, थॉट, बॉट, कॉट’ यांचे कडवे मी वेगळ्या चालीवर बांधले. ‘कट, पुट, हिट’ बदलतच नाहीत, त्यांना केवळ टाळी.

उत्तर ३ : खेळ हवा असल्यास अंताक्षरी वाकवून घ्यावी : एका गटाने क्रियापद द्यावे, दुसऱ्याने त्याच्या भूतकाळी रूपाचे, काल लोकलमध्ये खरोखर पाहिलेल्या एखाद्या गोष्टीविषयीचे वाक्य सांगावे आणि दोन्ही गटांनी ते वहीत उतरवावे. साठ मुलांच्या वर्गात गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची क्षमा आधीच मागून ठेवावी.