अपडेट अडकलंय, काहीच इन्स्टॉल होत नाही, मदत हवी आहे

अंगणवेल:
लिनक्सवर येऊन आठ महिने झाले, आतापर्यंत सगळं नीट होतं. काल अपडेटची खिडकी उघडली, पट्टी निम्म्यावर गेली ती तिथेच थांबली, दोन तास वाट बघून शेवटी बंद केली आणि आता काहीही टाकायला गेलं की लॉक लॉक म्हणतं. सकाळी काम पाठवायचंय, प्लीज लवकर सांगा कोणीतरी.

जुनाजाणता:
कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार? आणि पूर्ण मेसेज जसाच्या तसा टाका, "लॉक म्हणतं" यावरून काही कळत नाही.

भटक्या:
सोपंय, लॉकची फाइल आरएम कमांडने उडवा आणि परत अपडेट मारा. मी दरवेळी हेच करतो.

जुनाजाणता:
नवीन माणसाला हे सांगू नका हो! मागे खरंच काही चालू असेल तर दोन प्रोसेस एकदम डीपीकेजीच्या (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) डेटाबेसमध्ये लिहायला लागतील, मग निस्तरत बसा. आत कोणीतरी काम करतंय एवढंच तो लॉक सांगतो.

भटक्या:
माझं आजवर काही बिघडलं नाही.

निळीशाई:
वायफाय सापडत नसेल तर फर्मवेअरचं पॅकेज टाकून बघा, माझं त्यानेच सुटलं.

अंगणवेल:
वायफाय चालतंय. डेबियनच्या घराण्यातलं आहे, एपीटीवालं. मेसेज: "कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड. इट इज हेल्ड बाय प्रोसेस १८४३ (अनअटेंडेड-अपग्र)".

जुनाजाणता:
हे मागे आपोआप चालणारं अपडेट आहे. मारू नका, संपू द्या. मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायला सुडो डीपीकेजी --कन्फिगर -ए.

रोलिंगप्रेमी:
आर्च लिनक्स टाका, ही कटकटच नाही.

भटक्या:
सकाळी काम पाठवायचंय त्यांना, आत्ता नवीन ओएस टाकत बसू का म्हणता? आणि आर्चवरही पॅकेजं टाकणाऱ्या पॅकमनचा लॉक असतोच की.

अंगणवेल:
लॉक गेला, पण आता "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". १८० जीबी रिकामी आहे माझ्याकडे!!

जुनाजाणता:
मशीन चालू होताना डिस्कचा पासवर्ड विचारतं का? डीएफ -एच /बूट (बूटच्या भागात किती जागा उरली ते कळतं) काय दाखवतं?

अंगणवेल:
विचारतं, ते सगळ्यांनाच विचारतं ना? साइझ ७०५ एमबी, युज १००%.

जुनाजाणता:
तिथेच आहे बघा. डिस्क एन्क्रिप्ट केली (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) की बूटचं पार्टिशन सहसा वेगळं आणि लहान असतं, तुमची १८० जीबी त्याच्या कामाची नाही. प्रत्येक नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपली इनिटरॅमएफएस ही चालू होताना लागणारी फाइल तिथे ठेवतो, जुने साचत गेले की नव्याला जागा उरत नाही आणि पॅकेज अर्धवट राहतं. आधी युनेम -आर करून चालू कर्नल कुठला ते लिहून ठेवा. मग जुने काढायला सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज. यादी दाखवेल, चालू असलेला त्यात नाही ना हे बघूनच हो म्हणा. त्यानंतर डीपीकेजीवाली कमांड परत.

भटक्या:
बूट भरलं असेल हे माझ्या लक्षातच आलं नाही. फाइल उडवून हे सुटलं नसतं.

अंगणवेल:
झालं!! तीन जुने कर्नल गेले, बूट आता ५२%, डीपीकेजी पण शेवटपर्यंत गेलं. जागा नाही हे त्या खिडकीने सांगायला हवं होतं हो, दोन तास मी नुसती पट्टीकडे बघत बसले, रडू यायचं बाकी होतं. आता रीस्टार्ट करू का?

जुनाजाणता:
आधी काम पाठवा, मग करा. नवा कर्नल चालला नाही तर मशीन चालू होतानाच्या ग्रबच्या मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचा दिसेल, तो निवडा आणि इथे लिहा.